थोडक्यात निभावलं, पण पुढे काय?

मैत्रिणींनो, "थोडक्यात निभावलं!" हे शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतात. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, पण कुणी काडी ओढली नाही. पोर रस्त्यात धावलं, पण ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला. मग देवाला हात जोडायचे, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायच्या, घोटभर चहा घ्यायचा आणि कुकर लावायला उठायचं. ही आपली रीत, आणि ती वाईट मुळीच नाही. पण काही प्रसंग असे असतात की ते निभावल्यावरच त्यांचा खरा त्रास सुरू होतो. कोपराचं खरचटलेलं चार दिवसांत वाळतं आणि पाचव्या दिवशी मागून मोटारसायकलचा आवाज आला की पाय जागच्या जागी खिळतात. घरातले म्हणतात, "आता काय झालं हिला? काही गेलं का? नाही ना? मग?"

हा "मग?" फार दुखरा असतो. सगळं हातात सुखरूप आहे आणि तरीही झोप लागत नाही, हे सांगायचं तरी कुणाला!

आमच्या ओळखीच्या एका वहिनींची हकीकत सांगते. नाव-गाव सांगायचं नाही, अशी त्यांची अट आहे. चैत्रातलं हळदीकुंकू आटोपून, ओटीतले भिजवलेले हरभरे सांभाळत त्या संध्याकाळी सातच्या सुमारास घरी निघाल्या होत्या. मोटारसायकलवरच्या दोघांनी "काकू, इथं डॉक्टरांचा दवाखाना कुठंय?" म्हणून विचारलं. वहिनी वळून हात दाखवतात तोच मागच्यानं गळ्यात हात घातला. वहिनींनी मंगळसूत्राच्या वाट्या मुठीत गच्च धरल्या. पोत तुटली, वहिनी रस्त्यावर आडव्या पडल्या, आणि मागून येणारा दुधाचा टेम्पो करकचून थांबला. त्याचं चाक त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होतं. चोर पळाले. वाट्या मुठीत, काळे मणी आणि हरभरे रस्ताभर.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं ११२ ला फोन लावला. थोड्याच वेळात गस्तीवरचे दोन पोलीस आले आणि पाठोपाठ गाडीतून एक महिला पोलीस. वहिनींना आज त्या संध्याकाळचं बरंच काही आठवत नाही, पण त्या पोलीसबाईंनी काय केलं ते मात्र घडी न मोडता आठवतं. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. दुकानाच्या पायरीवर बसवलं, पाणी दिलं, पदर नीट करून दिला, रस्त्याच्या पलीकडे उडालेली चप्पल शोधून आणून पायाशी ठेवली. मग म्हणाल्या, "ताई, ते गेले. आता मी इथंच आहे. घरचं कोण येईल, त्यांचा नंबर आठवतोय का?" नंबर त्यांनीच लावून दिला. गाडीचा रंग, अंगावरचे कपडे, किती वाजले, हे सगळं त्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली संकटात सापडलेल्या माणसाला मानसिक प्रथमोपचार कसे द्यावेत याची एक पुस्तिका काढली. तिचं सार तीन गोष्टींत आहे: आधी पाहा, मग ऐका, मग योग्य माणसांशी जोडून द्या. बोलायची सक्ती करायची नाही, उपदेश करायचा नाही, खोटा धीर द्यायचा नाही. त्या पोलीसबाईंनी ही पुस्तिका वाचली होती की नाही कोण जाणे, पण चप्पल शोधून देणं हे त्यातलंच म्हणायला हवं. आणि हे जर एका परक्या बाईला वर्दीत जमलं, तर शेजारीण म्हणून, जाऊ म्हणून, सासू म्हणून आपल्याला का जमू नये?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पोलीस ठाण्यात बसल्यावर वहिनींचा हात सारखा गळ्याशी जात होता. तक्रार सांगताना त्या मध्येच थांबत, विषय सोडून "हे नागपूरला गेलेत, फिरतीवर" असं दोन-तीनदा म्हणाल्या. तुमच्या लक्षात आलं ना? मंगळसूत्र वाढलं होतं, आणि यजमान गावाला! चोराची, टेम्पोची भीती होतीच, पण त्या घटकेला त्यांच्या काळजाला पडलेला पीळ हा होता, आणि तो पुरुष अधिकाऱ्यापुढे बोलणार कशा? त्या पोलीसबाईंना मात्र ते कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, घरी गेलात की दोऱ्यात हळकुंड बांधा. माझंही ड्यूटीवर असताना वाढलं होतं एकदा. आमचे हे धडधाकट आहेत!" वहिनी सांगतात, तिथं त्या पहिल्यांदा रडल्या, आणि रडल्यावर सगळं सलग सांगू शकल्या.

शकुन-अपशकुन मानावा की नाही, हा वाद मी इथं घालणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की भ्यालेल्या बाईला नेमकी कशाची भीती वाटते हे तिलाच विचारायला हवं. आपण ठरवतो सोन्याची, आणि तिला वाटत असते भलत्याचीच. घरी आल्यावर सासूबाईंनी "वाढलं का गं? आता?" असं म्हणून कपाळाला हात लावला असता तर पोलीसबाईंचं केलेलं सगळं वाया गेलं असतं. सुदैवानं त्या शहाण्या. त्यांनी स्वतः हळकुंड शोधून बांधलं आणि नागपूरला फोन लावून दिला.

शरीराची घाबरगुंडी

अंगावर संकट आलं की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या छोट्या ग्रंथी रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हातपाय गार होतात, पोटातलं पचन थांबतं. पळायला किंवा झगडायला लागणारी सगळी ताकद शरीर एका क्षणात गोळा करतं. संकट टळतं, पण शरीराला ते लगेच कळत नाही. म्हणून सगळं आटोपल्यावर दातांवर दात वाजतात, मळमळतं, उगीच हसू येतं. पुढचे काही दिवस दचकणं, झोपेतून उठून बसणं, तोच देखावा डोळ्यांपुढे येणं, लेकरांवर विनाकारण खेकसणं, हे सगळं होऊ शकतं. हे वेड नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. बहुतेकींचं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली! अशा वेळी लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. वहिनींना चोराच्या मनगटातला लाल गोफ डोळ्यांपुढे दिसे, चेहरा मात्र काही केल्या आठवेना. "एवढ्या जवळून पाहिलंत आणि चेहरा आठवत नाही?" असं त्यांच्या दिरांनी विचारलं. मन असंच तुकड्यातुकड्यांनी साठवतं, भावजींना कोण सांगणार! पुढं चार दिवसांनी पोळ्या लाटताना त्यांना अचानक आठवलं, की गाडी चालवणारा डाव्या खांद्यावरून वळून बघत होता आणि त्याच्या हेल्मेटला काच नव्हती. असं मागाहून आठवलेलं वाया जात नाही. पोलिसांकडे जाऊन पुरवणी जबाब देता येतो. म्हणून एक वही जवळ ठेवा आणि आठवेल तसं, आठवेल तेवढंच लिहा. आपल्या मनचं घालू नका. "नक्की आठवत नाही" हेही पोलिसांना सांगण्याजोगं उत्तर आहे.

आता औषधाबद्दल. "माझी झोपेची अर्धी गोळी घे, शांत झोपशील," असं म्हणणारी शेजारीण प्रत्येक वाड्यात एक तरी असतेच. प्रेमानं म्हणते बिचारी. पण घेऊ नका. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात, घाबरलेपणासाठी किंवा झोपेसाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे. त्यापेक्षा चहा-कॉफी दुपारनंतर बंद, रात्री हलकं जेवण, शेजारी कुणीतरी झोपायला आणि मंद दिवा. हाताला आणि डोळ्यांना गुंतवणारं काम तर फारच चांगलं. ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भीषण दृश्यांचा चित्रपट पाहिल्यावर अर्ध्या तासानं ज्यांना टेट्रिस हा ठोकळे जुळवायचा खेळ खेळायला दिला, त्यांना ती दृश्यं पुढच्या आठवड्यात कमी वेळा आठवली. ठिपक्यांच्या रांगोळीवर कुणी असा प्रयोग केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण वहिनींनी त्या महिन्यात उंबऱ्यात काढलेल्या रांगोळ्या बघायला गल्ली लोटायची, एवढं खरं.

"काही गेलं नाही, मग तक्रार कशाला?"

हा प्रश्न तुमच्या घरातही विचारला जाईल. पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हणजे आपल्याकडे अजूनही काहीतरी भयंकर. "बाईमाणसानं तिथं जाऊ नये" इथपासून "पुढे कोर्टाच्या खेपा कोण घालणार" इथपर्यंत सगळे सल्ले मिळतात.

तरी तक्रार द्याच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणं हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे. १८६० च्या जुन्या दंड संहितेत देशभरासाठी असं वेगळं कलम नव्हतं. प्रयत्न फसला तरी गुन्हा होतोच. आणि ज्यांचा हात तुमच्या गळ्यापर्यंत पोचला ते उद्या दुसऱ्या गल्लीत जाणार. दुकानांवरच्या सी.सी.टी.व्ही. कॅमेऱ्यांतलं जुनं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, तेव्हा "आधी यजमान येऊ देत" म्हणून आठवडा घालवू नका.

कायद्यात तुमच्या बाजूनं काय आहे ते थोडक्यात ऐका. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असली तरी जवळच्या ठाण्यात तक्रार नोंदवता येते. गुन्ह्याची नोंद झाली की एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते; ती मागून घ्या. इलेक्ट्रॉनिक मार्गानंही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल तर बाईला ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, तो तिच्या राहत्या घरी घ्यावा लागतो. ठाण्यात नोंद करून घ्यायला कुणी नकार दिला तर तक्रारीचा मजकूर लिहून पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तुम्हांला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

सगळीकडे वहिनींना भेटल्या तशाच पोलीसबाई भेटतील असं मी म्हणणार नाही. कुठं तासभर बाकावर बसवतील, कुठं "एवढं सोनं घालून फिरता कशाला?" असा टोमणा ऐकावा लागेल. म्हणून सोबत कुणाला तरी न्या, शक्य तर तुमच्या जागी न बोलणाऱ्याला! काय घडलं ते आधी कागदावर क्रमानं लिहून न्या: तारीख, वेळ, कुठून कुठं निघालात, काय झालं, कोणी पाहिलं. टोमणा ऐकू आला तर त्यावर वाद घालण्यापेक्षा कागद पुढं करा. त्या क्रमानं सांगण्यात आणखीही एक गुण आहे. तोवर मनात नुसता गोंधळ असतो, चाकाचा आवाज आधी की हात आधी काही कळत नाही. समोर कुणी शांतपणे लिहून घेतंय, आपल्यावर विश्वास ठेवतंय, आणि शेवटी आपण वाचून सही करतोय, एवढ्यानं त्या गोष्टीला सुरुवात आणि शेवट मिळतो. पण त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे ती पुन्हा सांगण्याची काही गरज नाही. "भेटायला" येणाऱ्यांची आपल्याकडे रीघ लागते. घरातल्या एकीनं हे काम अंगावर घ्यावं आणि "वहिनी बऱ्या आहेत, चहा घ्या" एवढ्यावर विषय मिटवावा.

आणि हो, पुन्हा असं कुणाच्या वाट्याला आलं तर दागिना सोडून द्या. ओढाताणीत पडून डोक्याला मार लागण्यापेक्षा गेलेला बरा. नव्यानं गाठवून घेताना पटव्याला साधा दोरा वापरायला सांगा. तारेत ओवलेली पोत तुटत नाही, ती बाईलाच फरपटत नेते.

संध्याकाळचे सात

वहिनींचं सोनं वाचलं, पण संध्याकाळ गेली. यजमान नागपूरहून आले आणि म्हणाले, "आता दिवे लागल्यावर एकटीनं बाहेर पडायचं नाही." प्रेमानंच म्हणाले. मग भाजी मुलगा आणू लागला, गुरुवारचं भजन सुटलं. वहिनी घरगुती मसाल्यांची पाकिटं करून दुकानात देत, ते पोचवणंही दिरांकडे गेलं आणि पाठोपाठ हिशोबही त्यांच्याकडे गेला. तीन आठवड्यांत ही बाई स्वतःच्या घरात पाहुणी होऊन बसली. काळजीच्या पोटी आपली माणसंच बाईचे रस्ते असे एकेक करून बंद करतात आणि तिलाही त्यात बरं वाटू लागतं, कारण घरात भीती वाटत नाही ना!

पण भीतीचा स्वभाव मोठा विचित्र आहे. तुम्ही तिला टाळलंत की ती वाढते. कोपऱ्यापर्यंत गेलात, छाती धडधडली आणि परत फिरलात, तर मनाला एवढंच पटतं की परत फिरलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी दारातच धडधडतं. त्याउलट, सुरक्षित जागी धडधडत्या छातीनं का होईना उभं राहिलात, तर थोड्या वेळानं ती धडधड आपोआप उतरते. हे अनुभवानंच पटतं, सांगून नाही.

वहिनींना हे त्यांच्या सासूबाईंनी करायला लावलं. पहिल्या दिवशी सकाळी दहाला, भर वर्दळीत, दोघी त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या. दुकानदारानं लिमलेटच्या गोळ्या दिल्या. वहिनींचे तळहात ओले झाले होते. पण उतरेपर्यंत उठायचं नाही असं ठरलं होतं. असं आठवडाभर. मग वहिनी पुढे आणि सासूबाई वीस पावलं मागे. मग दुपारी एकट्या. मग दिवेलागणीला मसाल्याची पिशवी घेऊन एकट्या, आणि यजमान घरात येरझाऱ्या घालताहेत! दोनदा त्या अर्ध्या वाटेवरून परत आल्या, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आदल्या पायरीपासून सुरुवात. दीड महिना लागला. हिशोबाची वही त्यांनी दिरांकडून मागून घेतली तो दिवस त्यांना तारखेनिशी पाठ आहे. सातची वेळ मात्र अजून त्यांना थोडी जड जाते. गळ्यात खोटी पोत, खांद्यावरून पदर आणि रस्त्याच्या उलट बाजूनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालणं, एवढं त्यांनी कायमचं अंगी लावून घेतलंय.

कुणाकुणाचं एवढ्यानं भागत नाही. महिना उलटूनही झोप नाही, तेच देखावे, माणसांत मन लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर ते अंगावर काढू नका. आघातानंतरच्या या दुखण्याला १९८० सालापासून मानसोपचारात स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत, बहुतेक बोलण्याचेच. सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे: १४४१६ हा क्रमांक, रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल तर महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी फोन करा. घरात लहान मूल प्रसंगाच्या वेळी बरोबर असेल तर त्याच्याकडेही बघा. ते बोलत नाही, पण अंथरूण ओलं करतं किंवा आईचा पदर सोडत नाही. त्याला रागावू नका आणि "काही झालंच नाही" असंही सांगू नका.

शेवटी त्या पोलीसबाईंबद्दल. आपल्यावर कुणी असे उपकार केले की त्याचंही एक ओझं वाटतं. वहिनींना कितीतरी दिवस खाकी वर्दी दिसली की डोळ्यांत पाणी यायचं. त्या पेढ्यांचा पुडा घेऊन ठाण्यात गेल्या, तेव्हा त्यांनी एक पेढा तोंडात टाकला आणि पुडा परत दिला. मग काय करायचं? तर पत्र लिहायचं. पोलिसांच्या नावानं तक्रारी भरपूर जातात, चांगलं काम केल्याचं कळवणारे थोडेच. वहिनींना ते पत्र लिहायला पंधरा दिवस लागले. "त्यांनी माझी चप्पल शोधून आणून दिली" या ओळीवर अडायच्या. शेवटी सात ओळींचं झालं. तुम्हीही लिहाल तेव्हा तारीख, वेळ, ठिकाण, ठाण्याचं नाव आणि माहीत असेल तर त्या कर्मचाऱ्यांचं नाव घाला, आणि त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. पाकिटावर तालुक्याच्या गावी राहत असाल तर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक आणि मोठ्या शहरात असाल तर पोलीस आयुक्त एवढं पुरतं. साध्या टपालानं टाकलं तरी चालतं.